पडीक रान आणि मक्त्याची मुदत



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. मी आज ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे त्यात यांपैकी फारसे काही नाही. त्यात जमिनीचा एक तुकडा आहे. त्यावर कमरेइतके गवत माजले आहे, झुडपे वाढली आहेत, आणि त्यासमोर टिकास व फावडे घेऊन एक मनुष्य उभा आहे. तो पहिला घाव घालतो तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : मी साफ केलेले हे रान उद्या माझ्या हाती राहील काय? निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या देशी, निरनिराळ्या सत्तांनी या प्रश्नाला काय उत्तर दिले, एवढाच माझा आजचा विषय आहे.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील कपाटातल्या पुस्तकांनी आणि कामगारांच्या अर्जांनी शिकविले. म्हणून विद्वानांनी माझ्या मांडणीला नावे ठेवली तर माझी तक्रार नाही. परंतु कामाचा मोबदला कोणाला मिळतो, हा प्रश्न आम्हा युनियनवाल्यांच्या रोजच्या व्यवहारातला आहे, आणि जमीन साफ करणे हे कामच आहे.

प्रथम हे काम काय असते ते पाहू. ज्याने पडीक जमीन कधी मोडली नाही त्याला वाटते, गवत कापले की जमीन मोकळी झाली. तसे असते तर हा इतिहासच घडला नसता. आपल्या काळ्या जमिनीत कुंदा माजतो. त्याची पाती विळ्याने कापली तरी महिनाभरात तो पुन्हा उभा राहतो, कारण त्याची खरी वस्ती जमिनीखाली हात-दीड हात असते. हरळीच्या कांडीचा बोटभर तुकडा राहिला तरी पुरतो. लव्हाळ्याची गाठ मातीत राहिली की पावसाबरोबर ती दहा कोंब घेऊन वर येते. नाल्याकाठच्या बेशरमाला तर नाव देणाऱ्याने विचार करूनच नाव दिले आहे. तोडून टाकलेली फांदीही ओल मिळताच मुळे धरते. घाणेरी, जिला आपल्याकडे रायमुनिया म्हणतात, ती बुंध्यासकट उपटावी लागते. आणि गाजरगवत! १९५५ च्या सुमारास पुण्याकडे त्याची नोंद झाली आणि पाहता पाहता साऱ्या देशाच्या रस्त्याकडेला ते पसरले. एका झाडाचे बी हजारांनी मोजावे लागते, म्हणून ते फुलावर येण्यापूर्वीच उपटले पाहिजे. उपटणाऱ्याच्या हाताला खाज सुटते ती वेगळीच.

जाणता शेतकरी म्हणूनच सांगेल की पडीत एका वर्षात मोडत नाही. पहिल्या उन्हाळ्यात झुडपे काढावी, जमीन खोल खणावी किंवा नांगरावी, आणि वैशाखाच्या उन्हात मुळे उघडी पडू द्यावी. पहिल्या पावसाने जे पुन्हा उगवेल ते पुन्हा खणावे. दुसऱ्या वर्षी दाट पसरणारे पीक घ्यावे, म्हणजे तणाला ऊन मिळत नाही. तिसऱ्या वर्षी कोठे ती जमीन आपली वाटू लागते. मधल्या काळात दगड वेचून धुऱ्यावर रचावे लागतात, काट्याचे कुंपण घालावे लागते, खताच्या गाड्या ओढाव्या लागतात. पहिल्या वर्षीचे उत्पन्न मजुरीलाही पुरत नाही. दुसऱ्या वर्षी कसेबसे तोंडमिळवणी होते. खरे फळ तिसऱ्या वर्षापासून दिसते. हा हिशोब आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा इतिहास याच हिशोबावर उभा आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्या दारातच आहे. आपला खापा कन्हानच्या काठी वसला आहे. पावसाळ्याचे पाणी ओसरले की नदीच्या वाळूवर डांगरवाड्या पडत. ढिवर-भोई बांधव वाळूत खड्डे काढून, शेणखत घालून डांगर आणि काकडी लावीत. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात नदीचे पात्र हिरव्या वेलांनी भरून जाई. ही जागा एका हंगामापुरती मिळे, आणि तेवढी मुदत तेथे पुरेशी होती. कारण ज्येष्ठ-आषाढात नदी स्वतःच येऊन सारे पुसून नेई. वाळूत तण नाही, मूळ नाही, मागच्या वर्षीच्या श्रमाचे काही शिल्लक नाही. ज्या जमिनीत श्रम साठत नाहीत तेथे वर्षाचा मक्ता न्याय्य असतो. ज्या जमिनीत तीन वर्षांचे श्रम पुरावे लागतात तेथे वर्षाचा मक्ता दिला, तर दोन वर्षांचे श्रम कोणाच्या तरी दुसऱ्याच्या खिशात जातात. माझे सारे म्हणणे थोडक्यात हेच आहे : मक्त्याची मुदत तणाच्या मुळाइतकी खोल असली पाहिजे.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना कळत होती काय? उत्तम कळत होती. छत्रपती शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. राज्यकारभारावरचे इतके व्यवहारी पत्र विरळा. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, कोणाकडे माणूसबळ, बैल आणि दाणा किती आहे ते पाहावे, ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसा द्यावा, पोटाला खंडी-दोन खंडी दाणा द्यावा, आणि पडलेली जमीन लागवडीस आणवावी, असा त्याचा आशय आहे. दिलेला पैसा वाढीदिढी न लावता, केवळ मुद्दल, तेही कुणब्याला ताकद येईल तसतसे हळूहळू वसूल करावे. त्यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, इतकी त्यात तयारी आहे. या पत्रात दयेचा भाग आहे, तसाच हिशोबाचाही आहे. पडीक जमीन मोडणाऱ्याला प्रथम द्यावे लागते आणि मागाहून घ्यावे लागते, हे राज्यकर्त्याला ठाऊक होते.

त्या काळच्या महसुली व्यवहारात यासाठी एक स्वतंत्र शब्दच होता : इस्तावा. पडीक जमीन जो लागवडीस आणील त्याला कौल द्यावयाचा, पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यावयाचा, पुढे दरवर्षी तो पायरीपायरीने वाढवावयाचा आणि काही वर्षांनी पुऱ्या दरावर आणावयाचा. शेताचे उत्पन्न ज्या गतीने वाढते त्याच गतीने सारा वाढे. मुदत ठरलेली, दर ठरलेला, आणि कौलनामा लिहिलेला. मराठी मुलखातील शेतकऱ्यांत मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकार होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. उपऱ्याची कौलाच्या मुदतीपुरती. एखादे घराणे नष्ट झाले किंवा परागंदा झाले म्हणजे त्याची जमीन गतकूळ म्हणवली जाई, आणि गावच्या साक्षीने ती नव्या माणसास मिरास म्हणून देता येई. मिरासदार विहीर खणे, आंबे लावी. उपऱ्याने तसे क्वचित करावे. यात उपऱ्याचा आळस मुळीच नव्हता. आंबा लावणाऱ्याला आंबा खावयास मिळेल की नाही, हा तो हिशोब होता.

आपल्या नागपूर प्रांताचा जन्मही अशाच धोरणातून झाला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. त्याने जातिधर्माचा भेद न करता कामाची माणसे चहूकडून बोलावली, त्यांना वसविले, गावे आणि पेठा उभ्या केल्या, असे रिचर्ड जेंकिन्स या इंग्रज रेसिडेंटने १८२७ च्या आपल्या अहवालात नोंदविले आहे. आज आपण ज्याला संत्र्या-कापसाचा प्रदेश म्हणतो त्याचा पुष्कळ भाग पूर्वी रान होता. तो मोडणाऱ्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. पण नागपूर-सावनेरच्या वाटेवरचे कोणतेही जुने वावर त्यांच्याच हातचे आहे.

इंग्रजी अंमल आला आणि चित्र पालटले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, आणि त्याच दशकात गावच्या मालगुजारास गावाच्या जमिनीची मालकी देण्यात आली. जो पूर्वी सारा वसूल करून देणारा होता तो आता धनी झाला. गावाच्या शिवेतील पडीक जमिनीही त्याच्या ताब्यात गेल्या, आणि शिवेबाहेरच्या मोठ्या रानावर सरकारी जंगलखात्याचा अंमल बसला. कालपर्यंत पडीत मोडणारा मनुष्य गावाला हवा असे. आता तो मालगुजाराच्या दारात उभा राहू लागला. ही व्यवस्था १९५० च्या कायद्याने रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे या प्रांतातील पडीक जमीन कोणी मोडावी आणि किती दिवस राखावी, हे मोडणाऱ्याच्या हाती नव्हते.

आता थोडे परदेशात जाऊ. कारण जो प्रश्न येथे कुणब्यापुढे होता तोच तेथे गिरणीकामगारापुढे आणि शेतमजुरापुढे उभा राहिला, आणि त्यावर तेथे झालेले कायदे आपण शिकण्यासारखे आहेत.

१६४९ च्या एप्रिल महिन्यात इंग्लंडातील सरे परगण्यात जेरार्ड विन्स्टन्ली नावाचा एक बुडालेला कापडव्यापारी काही गरीब माणसांना घेऊन सेंट जॉर्जच्या टेकडीवर गेला. ती गावाची पडीक जमीन होती. त्यांनी ती खणून गाजर, वाटाणे-घेवडे असले गरिबाचे पीक लावले. लोक त्यांना खणणारे याच नावाने ओळखू लागले. आजूबाजूच्या जमीनदारांनी त्यांची झोपडी मोडली, पीक तुडविले, खटले भरले. वर्षभरात त्यांचा पाडाव झाला. पुढे दोनशे वर्षे तेथे उलटाच प्रवाह वाहिला. पार्लमेंटने कायद्यामागून कायदे करून गावाच्या सामायिक जमिनी कुंपणात घातल्या. ज्यांची गाय तेथे चरत होती ते मजूर झाले आणि शहरातील गिरण्यांत गेले. १८४५ च्या कायद्यात गरिबांसाठी पाव एकरापर्यंतचे तुकडे राखून ठेवावे अशी तरतूद होती. परंतु पुढच्या पंचवीस वर्षांत सहा लाखांवर एकर जमिनीला कुंपण पडले आणि गरिबांच्या वाट्याला त्यातून सुमारे २,२०० एकर आली. कलम होते, पण राखून ठेवण्याची सक्ती नव्हती.

पुढे शेतमजुरांच्या युनियना झाल्या, मजुराला मताचा अधिकार मिळाला, तेव्हा कायद्याला दात फुटले. १८८७ मध्ये पहिला कायदा झाला आणि १९०८ मध्ये दुसरा. मजुरांनी मागणी केली तर भाजीपाल्यासाठी वाफे उपलब्ध करून देणे हे स्थानिक मंडळाचे कर्तव्य ठरले. एक वाफा साधारण अडीचशे चौरस मीटरचा. एका घराची भाजी त्यात निघावी. पण मला या साऱ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९२२ चा कायदा. वाफेवाल्याला काढावयाचे असेल तर सहा महिन्यांची नोटीस द्यावी, ती नोटीस ऐन पिकाच्या दिवसांत, म्हणजे ६ एप्रिल ते २९ सप्टेंबर यांच्या दरम्यान संपू नये, आणि उभ्या पिकाची व घातलेल्या खताची भरपाई द्यावी, असे त्यात ठरले. १९२५ मध्ये आणखी एक गोष्ट झाली : वाफ्यांसाठी म्हणून घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीशिवाय विकता येणार नाही. आणि १९५० मध्ये सहा महिन्यांची नोटीस बारा महिन्यांची झाली. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई पडली तेव्हा त्या देशात असे सुमारे चौदा लाख वाफे पिकत होते. लोक देशभक्तीने खणत होते हे खरे. पण खणलेल्या जागेवर कायद्याचे छप्पर आधीच आले होते, हेही तितकेच खरे.

त्याच १९०८ साली आपल्याकडेही एक कायदा झाला, तो नोंदणीचा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा किंवा सालोसाल चालणारा पट्टा नोंदविलाच पाहिजे, असे त्याचे सतरावे कलम सांगते. हेतू चांगला होता. कागद पक्का व्हावा, फसवणूक होऊ नये. पण व्यवहारी माणसाने त्यातून पळवाट काढली आणि अकरा महिन्यांचा करार जन्मास आला. खोली भाड्याने देणारा अकरा महिन्यांचा कागद करतो, दुकान देणारा करतो, आणि जमिनीचा तुकडा देणारा तोंडी एका वर्षाचे बोलतो. एकाच साली दोन देशांत दोन कायदे झाले. एका देशात त्या कायद्याने मुदत वाढत गेली. आपल्याकडे कायद्याला वळसा घालण्यासाठी ती आखूड झाली.

स्वातंत्र्यानंतर पडीक जमिनीचा प्रश्न सरकारने यंत्राने सोडविण्याचे ठरविले. १९४३ पासूनच अधिक धान्य पिकवा ही मोहीम चालू होती. सागर-होशंगाबादकडच्या काळ्या जमिनीत कांस माजला होता. त्याची मुळे इतकी खोल की बैलाचा नांगर तेथे हरतो. त्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली, आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेने शेतीच्या अवजड यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. उन्हाळ्यात खोल नांगरट करून कांसाची मुळे उन्हात टाकावयाची, ही शेतकऱ्याचीच जुनी रीत यंत्राने मोठ्या प्रमाणावर केली. यंत्राची निंदा मी करणार नाही. टिकासाने जे तीन वर्षांत होते ते त्याने एका उन्हाळ्यात केले. पण कांसाचा एक स्वभाव आहे. नांगरलेली जमीन पुढची वर्षे नेटाने कसली नाही तर तो परत येतो. म्हणजे यंत्र येऊन गेल्यावरही जमिनीवर टिकून राहणारा मनुष्य लागतोच.

असा टिकून राहिलेल्या माणसांचा एक प्रसंग आपल्याच विदर्भातील आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे मुरलीधर देवीदास आमटे नावाचे वकील होते. ते नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, त्यांनी सफाई कामगारांची संघटना बांधली होती, आणि त्यांचे दुःख कळावे म्हणून स्वतः मैला वाहिला होता. म्हणून आम्ही युनियनवाले त्यांना आपल्यातलेच मानतो. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. सरकारकडून वरोऱ्याजवळ पन्नास एकर खडकाळ, झुडपांनी भरलेली जमीन मिळाली. तेथे आमटे पतिपत्नी, त्यांची दोन लहान मुले आणि सहा कुष्ठरोगी राहावयास गेले. गाठीला चौदा रुपये होते. पाणी नव्हते, म्हणून प्रथम विहीर खणली. ज्यांच्या हातांची बोटे झडली होती त्यांनी टिकास धरून तो खडक फोडला, रान साफ केले, भाजी आणि धान्य लावले. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. पुढे पीक आले तेव्हा ते गावात विकत घ्यावयास लोक कचरत. १९५४ मध्ये देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक येऊन तेथे राहिले, जेवले, इमारत बांधू लागले, तेव्हा कोठे गावाची भीती कमी झाली.

आनंदवनाची गोष्ट आपण सेवेची गोष्ट म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. मी तिच्यात आणखी एक गोष्ट पाहतो. ती जमीन एका वर्षासाठी दिलेली नव्हती. पहिली विहीर खणताना त्या सहा माणसांना ठाऊक होते की या विहिरीचे पाणी आपणच पिणार आहोत. झडलेल्या बोटांनीही खडक फुटतो, जर खडकाखालचे पाणी आपले असेल तर.

परंतु भूमिहीनांच्या सगळ्याच टोळ्यांना आमटे भेटत नाहीत. पडीक सरकारी जमीन आम्हाला कसू द्या, ही मागणी घेऊन कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये खानदेश, नाशिक, मराठवाडा या भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने तो देशभर नेला. लाखो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. त्यांत पुष्कळ मायबहिणी तान्ही मुले घेऊन होत्या. पडीक आणि गायरान जमिनी अनेक ठिकाणी लोकांनी मोडल्या, काटे काढले, ज्वारी पेरली. सरकारी दप्तरात त्या श्रमाचे नाव पडले अतिक्रमण. शब्दांचे कसे असते पाहा! ज्याला कौल मिळाला त्याची ती लागवड, ज्याला मिळाला नाही त्याचे ते अतिक्रमण. टिकास तेच, घाम तोच. शेवटी २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ज्यांनी १९६४ मध्ये कुदळ मारली त्यांच्यापैकी किती जण तो कागद पाहावयास जिवंत होते? आणि निर्णय झाल्यावरही सातबाऱ्यावर नाव चढावे म्हणून कचेऱ्यांच्या फेऱ्या चालूच राहिल्या.

आता गावातली एक घडलेली गोष्ट सांगतो. २०११ मध्ये आमच्या युनियनमधल्या बारा जणांचे काम सुटले होते. कोणी ठेकेदाराकडे खाणीवर होते, कोणी जिनिंगमध्ये. त्यांनी गावालगतचा दीड एकराचा पडीक तुकडा भाजीपाल्यासाठी मक्त्याने घेतला. जागेच्या धन्याचे नाव सांगण्यात हशील नाही. करार अकरा महिन्यांचा होता आणि पुढे चालू राहील असे तोंडी बोलणे होते. त्या तुकड्यावर रायमुनिया माणसाच्या उंचीची होती, मध्ये बेशरम, खाली कुंदा. पहिला उन्हाळा काढण्यात गेला. बायकापोरांनी दगड वेचले. जुनी बुजलेली विहीर होती, तिचा गाळ उपसला. दुसऱ्या वर्षी वांगी, चवळी, सांभार निघाला आणि खापा-सावनेरच्या बाजारात गेला. तिसऱ्या वर्षी, जेव्हा जमीन लोण्यासारखी झाली, तेव्हा दुपटीने मक्ता देणारा दुसरा गृहस्थ उभा राहिला, आणि ती त्याला गेली. कोणी कायदा मोडला नाही. बारा माणसे कागद घेऊन माझ्याकडे आली. कागदात त्यांच्या बाजूने एक ओळही नव्हती. विहिरीचा गाळ, वेचलेले दगड, घातलेले खत, यांतले काहीच त्यांना उचलून नेता येण्यासारखे नव्हते.

येथे जमिनीच्या धन्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, पाच वर्षांसाठी दिली तर कूळकायदा लागेल आणि जमीनच जाईल. १९५८ च्या विदर्भ कूळकायद्याने कसणाऱ्याला मालक होण्याची वाट दिली. तो कायदा योग्यच होता, पण त्याची धास्ती घेऊन पुष्कळांनी जमीन दर वर्षी हात बदलत ठेवली किंवा पडीक टाकली. ही भीती खरी आहे हे मी मान्य करतो. म्हणून माझी पहिली मागणी खाजगी धन्याकडे नाही. सार्वजनिक जागेला कुळाची भीती बाळगण्याचे कारण नाही. नगरपरिषदेचे, शाळांचे, संस्थांचे रिकामे भूखंड प्रत्येक गावात गाजरगवताने भरलेले असतात.

दुसरी एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. माजलेले दिसते ते सर्व मोडण्यासाठी नसते. आपल्या नागपूर विभागाच्या दप्तरात झुडपी जंगल नावाचा एक प्रकार आहे. सहा जिल्ह्यांत मिळून ८६ हजारांहून अधिक हेक्टर अशी जमीन आहे. जुन्या काळी गुरे चारावी, सरपण आणावे यासाठी ती राखलेली. पुढे तिच्यावर वस्त्या, शाळा, कचेऱ्या उभ्या राहिल्या. ही जमीन वनच मानली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला, आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी अधिकृतपणे वाटलेल्या जागांसाठी वेगळी वाट ठेवली. एका निवाड्यात पुन्हा तीच गोष्ट दिसते : कागद केव्हाचा आणि कोणाचा. झुडपे राखावयाची ती राखू; त्यांवर ज्यांच्या शेळ्या चरतात त्यांचाही हक्क आहे. माझे म्हणणे आहे ते गावातील आणि गावालगतच्या, कोणाच्याच उपयोगी न पडणाऱ्या तुकड्यांविषयी.

हे तुकडे ज्यांना भाजी लावावयाची आहे त्यांना द्यावे, आणि देताना पाच गोष्टी कागदावर लिहाव्या. मुदत निदान पाच वर्षांची असावी आणि तिची रीतसर नोंदणी व्हावी. पहिल्या वर्षी मक्ता नसावा. पुढे इस्ताव्याच्या रीतीने तो पायरीपायरीने वाढावा. उभ्या पिकातून कोणाला काढू नये. काढावेच लागले तर विहीर, कुंपण आणि खत यांची भरपाई द्यावी. आणि ज्याने दोन हंगाम जागा मोडली नाही त्याच्याकडून ती काढून दुसऱ्यास द्यावी, कारण हक्क श्रमाचा आहे, अर्जाचा नाही. यांतली एकही गोष्ट मी नवी सांगत नाही. पहिल्या दोन सतराव्या शतकातील मराठी सुभेदाराला समजल्या असत्या, पुढच्या दोन १९२२ च्या इंग्रजी कायद्यात आहेत, आणि पाचवी कोणताही शेतकरी सांगेल.

आपल्या खाप्यात १८६७ साली नगरपालिका झाली. विणकरांच्या मागांवर आणि पुढे आसपासच्या मँगनीजच्या खाणींवर या गावाची चूल पेटत आली. माग थांबले, खाणीत ठेकेदारी आली, आणि काम सुटलेला मनुष्य रिकाम्या हातांनी त्याच गल्ल्यांतून फिरतो ज्यांच्या कडेला रिकाम्या जागा आहेत. रिकामे हात आणि रिकामी जागा यांच्यामध्ये एक कागद तेवढा हवा. येत्या वैशाखात मुळे उन्हात टाकावयाची असतील तर तो कागद चैत्रातच झाला पाहिजे, एवढी माझी विनंती आहे.